वजन कमी करायचंय? डाएटच्या आधी मनाची आणि घराची तयारी

आपल्याकडे वजन कमी करायचा विषय बहुतेक वेळा दुसऱ्याच्याच तोंडून निघतो. डॉक्टर रिपोर्ट बघतात आणि मान वर न करताच सांगतात, "वजन कमी करा." लग्नात दोन वर्षांनी भेटलेली मावसबहीण चारचौघींत म्हणते, "किती सुटलीस गं!" त्याच रात्री कोणीतरी व्हॉट्सॲपवर डाएट चार्ट पाठवतं. त्यात ओट्स असतात, ब्रोकोली असते, ऑलिव्ह ऑइल असतं. परतूरच्या किंवा औंढ्याच्या आठवडी बाजारात यातलं काय मिळतं, याचा विचार त्या चार्टमध्ये कुठेच नसतो. सोमवारी सुरुवात होते. पंधरा दिवसांत एखादं बारसं, एखादी पंगत येते आणि सगळं बंद पडतं. मग माणूस स्वतःलाच बोल लावतो, "माझ्यात जिद्दच नाही."

आहाराबद्दल लोकांशी बोलण्याच्या कामात हे वाक्य मी सारखं ऐकते आणि मला ते अजिबात पटत नाही. ऊसतोडीला सहा-सहा महिने घर सोडून जाणाऱ्या, टँकरच्या पाण्यावर उन्हाळा काढणाऱ्या मुलखातल्या माणसांत जिद्द नाही, हे कोण मान्य करेल? कमी पडते ती तयारी. आणि ही तयारी एकट्याच्या डोक्यात होत नाही. आपल्याकडे जेवण ही घरादाराची, पाव्हण्यारावळ्यांची गोष्ट आहे. त्यामुळे मन तयार करायचं तर घरातल्या माणसांत बसूनच करावं लागतं.

या तयारीला दोन आठवडे द्या. या दोन आठवड्यांत खाण्यात काहीही बदलायचं नाही. जसं खाता तसंच खा. फक्त खाली सांगितलेली कामं एकेक करून उरका.

आधी सुतळी घ्या

वजनकाटा नंतर. घरातली सुतळी किंवा नाडी घ्या, टाचेपासून डोक्यापर्यंत स्वतःच्या उंचीएवढी मोजून कापा. ती मधोमध दुमडून दुहेरी करा आणि पोटाभोवती गुंडाळा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, श्वास सोडून, पोट आत न ओढता. दोन्ही टोकं एकमेकांना भिडली नाहीत, तर तुमच्या पोटाचा घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे. म्हणजे पोटात जास्तीची चरबी साठली आहे, मग काटा काहीही दाखवो. टेप असेल तर भारतीय पुरुषांसाठी 90 सेंटिमीटर आणि बायकांसाठी 80 सेंटिमीटर ही मर्यादा धरा.

"मी तर दिसायला बारीकच आहे" असं म्हणणाऱ्यांनीही हे मोजावं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांनी 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच मापं छापली होती. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा, अगदी सारखा, 22.3. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. आपलं भारतीयांचं शरीर हातापायांनी बारीक दिसूनही पोटात चरबी साठवतं. म्हणून आपल्यासाठी बीएमआय 23 च्या पुढे गेला की वजन जास्त धरतात, 25 च्या पुढे लठ्ठपणा.

तुमचं वय 30 च्या पुढे असेल तर गावातल्या आशाताईंना विचारा. त्या घरोघरी जो तपासणीचा फॉर्म भरतात त्यात कमरेचा घेर मोजायचाच असतो. बीपी आणि शुगरची तपासणी उपकेंद्रात किंवा आरोग्य मंदिरात फुकट होते. बायकांनी थायरॉईडही एकदा बघून घ्यावं. पाळी अनियमित असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

इथे एक गोष्ट मी अगदी हात जोडून सांगते. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर डॉक्टरांना न विचारता जेवण कमी करू नका, उपास धरू नका. औषधाचा डोस तोच आणि जेवण अर्धं, असं झालं की शुगर एकदम खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो. बाळंतपण नुकतंच झालेल्या, पोटुशी असलेल्या, अंगावर पाजणाऱ्या बायकांनी वजन कमी करण्याचा विषय डॉक्टरांशी बोलल्याशिवाय सुरूच करू नये.

लाज सोडा, आजीची गोष्ट ऐका

मराठवाड्यातल्या कुठल्याही घरात सत्तरी ओलांडलेलं माणूस असेल, तर त्यांना 1972 च्या दुष्काळाबद्दल विचारा. खडी फोडायला गेलेले दिवस, सरकारी कामावर मिळालेली सुकडी, परदेशातून आलेली मिलो ज्वारी, हे सगळं त्यांच्या बोलण्यात येईल. ज्या बाईनं लेकरांना अर्धपोटी झोपवलंय, ती आज नातवाच्या ताटात तिसरी भाकरी वाढताना हात आखडता का घेईल? 'अंगानं भरलेला' म्हणजे खात्यापित्या घरचा, हे आपण तिच्याकडूनच शिकलो. आणि तिच्या काळात ते खरंही होतं.

शरीराचंही तसंच काहीसं आहे. डॉ. याज्ञिकांच्या पुण्याजवळच्या खेड्यांतल्या कामात असं दिसलं, की आपल्याकडची बाळं जन्मतः वजनानं कमी असतात, पण त्या कमी वजनातही चरबीचा वाटा त्या मानानं राखलेला असतो आणि स्नायू कमी असतात. आईच्या पोटात असतानाच शरीर टंचाईच्या हिशेबानं घडतं. पुढे त्याच शरीराला दुचाकी, मोबाईल, दुकानाचा गल्ला आणि दिवसाला सहा कप गोड चहा मिळाला, की पोट सुटायला फार वेळ लागत नाही.

हे एवढ्यासाठी सांगितलं, की वजन वाढलं म्हणून स्वतःला आळशी, खादाड म्हणत सुरुवात करू नका. स्वतःचा राग येऊन सुरू केलेलं डाएट पहिल्या चुकीला मोडतं, कारण चूक झाली की राग दुप्पट होतो आणि राग शमवायला माणूस परत खाण्याकडेच वळतो.

कारण तुमचं आहे का?

आता वही घ्या. लेकरांची अर्धी भरलेली जुनी वही चालेल. पहिल्या पानावर लिहा: मला वजन कशासाठी कमी करायचंय?

"तब्येतीसाठी" असं मोघम लिहू नका. डोळ्यांसमोर दिसेल असं लिहा. तुळजापूरच्या पायऱ्या मध्ये न थांबता उतरून परत चढायच्या आहेत. पंगतीत मांडी घालून बसायचंय आणि कोणाचा हात न धरता उठायचंय. आईला शुगरनं त्रास दिला, ते मला टाळायचंय. कापूस वेचताना कंबर धरते ती थांबावी. "नवऱ्याला आवडत नाही" किंवा "नणंद बोलते" एवढंच कारण सापडलं, तर लिहून ठेवा, पण आणखी शोधा. दुसऱ्याला खूश करायला सुरू केलेलं काम त्या माणसाशी भांडण झालं की थांबतं.

मग स्वतःला एक प्रश्न विचारा. वजन कमी करणं मला आत्ता किती महत्त्वाचं वाटतं, 0 ते 10 मध्ये? समजा आकडा 5 आला. लगेच पुढचा प्रश्न: 5 का, 2 का नाही? त्याचं जे उत्तर येईल ते लिहा. व्यसनमुक्तीच्या कामातून पुढे आलेली समुपदेशनाची ही पद्धत आहे. विल्यम मिलर आणि स्टीफन रोलनिक या मानसशास्त्रज्ञांनी ती रुजवली. गंमत बघा, "10 का नाही?" असं विचारलं की मन अडचणींचा पाढा वाचतं आणि "2 का नाही?" विचारलं की आपणच आपल्या तोंडून कारणं सांगू लागतो. दुसऱ्यानं दिलेल्या दहा उपदेशांपेक्षा स्वतः उच्चारलेलं एक कारण जास्त दिवस टिकतं, हा माझाही अनुभव आहे.

तसाच दुसरा आकडा काढा: मला हे जमेल असं किती वाटतं? महत्त्व 8 आणि जमण्याची खात्री 3 असेल, तर तुमचं काम फार मोठं ठरलंय. ते लहान करायचं. महत्त्वच 2-3 वर असेल, म्हणजे घरात कोणी आजारी आहे, पेरणी तोंडावर आहे, पोरीचं लग्न ठरलंय, तर आत्ता सुरू करू नका. तारीख टाका, दोन महिन्यांनंतरची, आणि तोवर वजन आहे तेवढंच राखा. तेही काम आहेच.

आकडा छोटा ठेवा

"मला वीस किलो कमी करायचेत" हे वाक्य ऐकलं की मी आधी म्हणते, पहिल्या टप्प्यात तुमच्या वजनाचे 5 टक्के. 80 किलोच्या माणसाला 4 किलो. त्यासाठी 2 ते 3 महिने.

चार किलोनं काय होतं? गुडघ्याचं घ्या. गुडघेदुखीच्या रुग्णांवर 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की एक किलो वजन कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोनं हलका होतो. चार किलो कमी केले तर दर पावलाला सोळा किलो. घरापासून किराणा दुकानापर्यंत किती पावलं होतात ते मोजून बघा. अमेरिकेत 2002 साली झालेल्या मोठ्या प्रयोगात मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांना 7 टक्के वजन कमी करणं आणि आठवड्याला 150 मिनिटं चालणं एवढंच ध्येय दिलं होतं. त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं. आणि आपल्याला जास्त जवळचा प्रयोग चेन्नईचा. 2006 साली डॉ. रामचंद्रन यांच्या गटानं दाखवलं, की खाणं आणि चालणं सुधारलेल्यांचा धोका सुमारे 28 टक्क्यांनी उतरला, आणि त्यांचं वजन तर फारसं बदललंही नव्हतं. काटा हलत नाही त्या आठवड्यात हा चेन्नईचा प्रयोग आठवा.

काट्याबद्दल आणखी थोडं, कारण मन सगळ्यात जास्त तिथेच मोडतं. जेवण कमी केल्यावर पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो झपकन उतरू शकतात. ते बहुतेक पाणी असतं. शरीर साखरेचा जो साठा ठेवतं त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण 3 ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं. साठा संपला की पाणीही जातं. दुसऱ्या आठवड्यात काटा थांबला की लोकांना वाटतं, डाएट फसलं. उलट खरी चरबी तेव्हापासून हळूहळू जात असते, आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास. बायकांच्या पाळीच्या आधी वजन एक-दोन किलोनं वाढू शकतं, तेही पाणीच. म्हणून आठवड्यातून एकदाच, एकाच वारी, सकाळी संडासला जाऊन आल्यावर, उपाशीपोटी वजन करा. रोज काट्यावर उभं राहू नका.

"महिन्यात दहा किलो" असं सांगणारे डबे, काढे, पावडरी यांच्या वाटेला जाऊ नका. वजनाची इंजेक्शनं आता भारतात मिळतात. काही रुग्णांना त्यांचा चांगला उपयोग होतो, पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची.

सात दिवस नुसतं लिहा

पुढचे सात दिवस त्याच वहीत जे जे तोंडात जाईल ते लिहा. वेळ लिहा, सोबत कोण होतं ते लिहा, भूक होती का तेही लिहा. बदल करायचा नाही, हे पुन्हा सांगते. हे पोलिसी पंचनाम्यासारखं नको, निवांतपणे करा.

वहीत काय सापडतं हे मला आता बरंचसं ठाऊक झालंय. पुरुषांच्या वहीत चहा. एका कपात दोन चमचे साखर धरली तर 8 ते 10 ग्रॅम. टपरीवर, ऑफिसात, पाव्हण्याकडे मिळून सहा कप झाले की 50 ते 60 ग्रॅम साखर नुसती चहातून जाते. जागतिक आरोग्य संघटना दिवसभराची वरून घातलेली साखर 25 ग्रॅमच्या आत ठेवणं उत्तम मानते.

बायकांच्या वहीत वेगळंच सापडतं. सकाळी सगळ्यांचे डबे होईपर्यंत नुसत्या चहावर. दुपारी दोनला पहिलं खरं जेवण. संध्याकाळी लेकराच्या ताटात उरलेली अर्धी पोळी, पातेल्याच्या बुडाशी राहिलेला भात, "टाकून कसं द्यायचं" म्हणून. रात्री सगळ्यांचं झाल्यावर स्वतःचं जेवण, तेही साडेदहाला. वर पुन्हा आठवड्याला दोन-तीन उपास, साबुदाण्याची खिचडी, तळलेला बटाट्याचा चिवडा. ही बाई खादाड आहे असं कोण म्हणेल? पण उरलेलं संपवणं ही जबाबदारी घरानं तिच्या पोटावर टाकलेली आहे. तिला मी एकच सांगते: उरलेली भाकरी सकाळी कुस्करून सगळ्यांनी मिळून खा, उरलेला भात सकाळी फोडणीला टाका, लेकराला आधी अर्धंच वाढा. अन्न वाया जाऊ नये हे बरोबरच आहे, पण ते जिरवायची जागा तुमचं शरीर नव्हे.

घरात बोलणी करा

मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाचं हे आहे, आणि सगळे नेमकं हेच टाळतात. कोणालाही न सांगता गुपचूप डाएट सुरू करतात.

निवांत वेळ बघून घरात सांगा. "मला डाएट करायचंय" असं म्हटलं की सासूबाईंना वाटतं, सून उपाशी राहणार, आजारी पडणार, लोक आपल्याला बोलणार. त्यापेक्षा कारण सांगा: "आत्याबाई, मला शुगर बॉर्डरवर सांगितलीय. गोळी लागू नये म्हणून बघायलेय. तुमची मदत लागंल." मदत मागितली की माणसं विरोधात उभी राहत नाहीत. आणि नेमकी मदत मागा: भात मी माझ्या हातानं वाढून घेते. चहात माझ्यापुरती साखर घालू नका. रात्रीचं जेवण आठपर्यंत उरकू या.

पुरुषांनी तर आणखी एक लक्षात ठेवावं. तुमचं वजन कमी करायचं म्हणजे घरातल्या बाईनं तिसरा स्वयंपाक करायचा, असं होऊ देऊ नका. वेगळं काही रांधायची गरजच नाही. ज्वारीची भाकरी, वरण, पालेभाजी, ठेचा, ताक, हे आपलं रोजचं जेवण वजन कमी करायला पुरेसं चांगलं आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठानं 2018 मध्ये आणलेलं 'परभणी शक्ती' ज्वारीचं वाण तर लोह आणि जस्त जास्त असलेलं आहे. मात्र भाकरीत जादू आहे असंही समजू नका. ज्वारीच्या आणि गव्हाच्या पिठातल्या कॅलरी जवळपास सारख्याच. भाकरीला तेल लागत नाही, ती चावून खावी लागते आणि पोट लवकर भरतं, हा तिचा फायदा. चार भाकरी खाल्ल्या तर त्या चार भाकरीच. शेंगदाण्याच्या चटणीचंही तसंच. पौष्टिक आहे, पण 100 ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेच्या आसपास कॅलरी असतात. चमचाभर घ्या, वाटीभर नको.

घरातल्या तेलाचा हिशेब सगळ्यांनी मिळून करावा असा आहे. माणशी रोज 25 ग्रॅम धरलं तर चार माणसांच्या घराला महिन्याला 3 किलो, म्हणजे लिटरचे साधारण सव्वातीन पुडे पुरायला हवेत. तुमच्याकडे किती लागतात ते किराणाच्या यादीत बघा. पाच-सहा निघाले, तर तुमच्या एकट्याचं नव्हे, सगळ्या घराचंच काम निघालं, आणि मग ते सोपंही होतं.

आग्रहाला काय उत्तर द्यायचं

आपल्याकडे वाढणाऱ्याचा हात अडवणं म्हणजे त्या माणसालाच नाही म्हणणं, असं धरतात. "एवढंसं खाऊन कसं चालंल?" "आमच्या घरचं आवडलं नाही का?" "आजच्या दिवस खा की, उद्यापासून कर." हे प्रेमच असतं. म्हणून त्याला रागानं किंवा डाएटच्या भाषणानं उत्तर द्यायचं नाही. उत्तर आधीच ठरवून, पाठ करून जायचं.

ताट वाढायला घेतानाच बोला, ताट वाढून झाल्यावर नको. "काकू, अर्धी पोळी द्या, लागली तर मीच मागून घेते." मागून घेईन म्हटलं की वाढणारी निश्चिंत होते. स्वयंपाकाचं मनापासून कौतुक करा आणि कौतुक करताना जे आवडलं तेच थोडं परत घ्या, म्हणजे आमटी, पालेभाजी. ताट रिकामं ठेवू नका. रिकामं ताट दिसलं की वाढपी वाढायला येतो. शेवटचा घास सावकाश खात राहा. गोड नको असेल तर "डॉक्टरांनी सांगितलंय" हे आपल्याकडे सगळ्यात चालणारं वाक्य आहे. पाव्हण्याकडे चहा नाकारू नका, "अर्धा कप, साखर कमी" म्हणा. टपरीवर तर बिनसाखरेचा मागायची लाज वाटायचं काहीच कारण उरलेलं नाही, तो आता सगळीकडे मिळतो.

मित्रांचं थोडं अवघड असतं. रात्री धाब्यावर किंवा निलंगा राईसच्या गाड्यावर जायचं ठरतं आणि नको म्हटलं की चेष्टा सुरू होते. जा, पण घरून भाकरी खाऊन जा आणि एक प्लेट दोघांत घ्या.

एकच बदल निवडा आणि त्याला जागा द्या

आता कुठे आपण सुरुवातीच्या दिवसापाशी आलो. वही उघडा आणि त्यातली एकच गोष्ट निवडा, जी सगळ्यात वाईट दिवशीही जमेल अशी. सहाच्या जागी तीन चहा. किंवा रात्रीचं जेवण लवकर. किंवा जेवणाआधी काकडी-गाजर. दोन वेळाच जेवायचं की थोडं थोडं चार वेळा खायचं, हा वाद आत्ता बाजूला ठेवा. जी पद्धत तुमच्या कामाच्या वेळांत बसते ती पुढे बघू.

निवडलेली गोष्ट "जेव्हा... तेव्हा" अशी लिहा. "चहा कमी करेन" असं लिहू नका. "जेव्हा ऑफिसात चारचा चहा येईल, तेव्हा मी पाण्याची बाटली घेऊन उठेन." मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी 1999 मध्ये हे मांडलं होतं: वेळ, जागा आणि कृती आधी जोडून ठेवली की ऐन वेळी मनाशी झगडावं लागत नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या 2010 च्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले, कोणाला 18 तर कोणाला 254. एखादा दिवस चुकला तर सवय मोडली नाही, हेही त्यांना दिसलं. तेव्हा 21 दिवसांत सवय लागते असं कुठेतरी ऐकून, तेवढ्यात काही झालं नाही म्हणून हात टेकू नका.

उपाशी मात्र राहू नका. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात 36 धडधाकट तरुणांना काही महिने अर्धपोटी ठेवून बघितलं होतं. ते चिडचिडे झाले, दिवसभर खाण्याचाच विचार करू लागले. अर्धपोटी राहिलं की तुमचं मनही तेच करणार. यात स्वभावाचा दोष नाही.

येळवस आली, लग्न आलं, मग?

लातूर-धाराशिवच्या माणसाला येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, शेतात जाऊन भज्जी, आंबील, उंडे आणि खीर खाऊ नको म्हणणारा आहारतज्ज्ञ मला मान्य नाही. त्या दिवशी जेवा. पोटभर, सगळ्यांसोबत, मनात काही न ठेवता. हुरडा पार्टीला जा. वर्षातले असे दिवस कॅलेंडरवर आधीच खुणा करून ठेवा आणि त्यांना मोडलेले दिवस म्हणू नका, ते ठरवलेले दिवस.

खरी अडचण दुसऱ्या दिवशीची. "काल मोडलंच आहे, आता पुढच्या सोमवारी बघू" हा विचार एका जेवणाचं आठ दिवसांचं करतो. व्यसन सुटलेली माणसं पुन्हा त्यात कशी ओढली जातात, याचा अभ्यास करणाऱ्या ॲलन मार्लॅट यांनी हेच दाखवलं होतं: एका चुकीनं माणूस परत घसरत नाही, त्या चुकीला तो जो अर्थ लावतो त्यानं घसरतो. म्हणून नियम एकच. पुढचं जेवण नेहमीचं. दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून उपास नाही, दुप्पट चालणं नाही. वहीत "काल लग्न होतं" एवढंच लिहा.

चालायचं कुठे, कधी

चालण्याला सुरुवात दहा मिनिटांपासून करा. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा सकाळी साडेसहाच्या आत किंवा रात्री जेवणानंतर. संभाजीनगरात विद्यापीठ परिसर आणि गोगाबाबा टेकडी, परभणीत कृषी विद्यापीठाचे रस्ते, लातुरात नाना-नानी पार्क, नांदेडला गोदावरीचा घाट, अशा जागा आहेत. खेड्यात शाळेचं मैदान सगळ्यात बरं.

बायकांना जागेपेक्षा लोकांच्या नजरेची अडचण जास्त असते, हे मला चांगलं माहीत आहे. "कुठं निघालीस गं सकाळी सकाळी?" हा प्रश्न पाय अडवतो. जोडीला शेजारीण घ्या. बचत गटातल्या दोघी-तिघी मिळून निघाल्या की कोणी विचारत नाही. नाहीच जमलं तर गच्चीवर, अंगणात, ओसरीवर फेऱ्या मारा, भजन लावा, आईला फोन लावा आणि बोलत बोलत चाला. साडीवर चाललात तरी चालेल, फक्त चप्पल घसरणारी नको, पट्ट्याची घ्या. शेतात दिवसभर राबणाऱ्या बाईनं वेगळं चालायची गरज नाही. तिनं जेवणाच्या वेळा आणि झोप सांभाळावी.

झोप सहा तासांच्या खाली गेली की दुसऱ्या दिवशी भूक जास्त लागते, गोड खावंसं वाटतं. मोबाईल रात्री दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा.

पंधरा दिवसांनी

सुरुवातीच्या दिवसापासून पंधरा दिवसांनी वही पुन्हा उघडा. तीच सुतळी पोटाभोवती धरून बघा, दोन टोकांमधलं अंतर बोटांनी मोजून लिहा. 0 ते 10 चे दोन्ही प्रश्न परत विचारा. जमण्याचा आकडा 7 किंवा त्याच्या वर असेल तर दुसरा बदल जोडा. 4 ते 6 असेल तर आहे तेच आणखी पंधरा दिवस चालू द्या. त्याच्या खाली घसरला असेल तर निवडलेली गोष्ट अर्धी करा: तीन चहा जमत नसतील तर चार, दहा मिनिटं जमत नसतील तर पाच. खाण्यावरचा ताबा वारंवार सुटत असेल, खाऊन झाल्यावर उलटी काढावीशी वाटत असेल, किंवा दिवसचे दिवस मन उदास राहत असेल, तर वजनाचा विषय तिथेच थांबवा आणि जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जाऊन दाखवा. टेली मानसचा 14416 हा सरकारी फोन नंबर फुकट आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.